चुंबकाला चिकटून नेमकं काय परत आलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे दुसरं कोणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही कोप्रेसिपिटेशनने (लोहाचे दोन क्षार बेस घालून एकत्र साक्यात आणून) मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह ऑक्साइडचे नॅनोकण बनवले, त्यांवर सिलिकाचं कवच चढवलं, कवचावर एपीटीईएस हे अमाइनवालं सिलेन वापरून अमाइन गट बसवले आणि त्यांवर पॅलेडियम धरलं, वजनाने साधारण दोन टक्के. या उत्प्रेरकाचे ५० मिलिग्रॅम घेऊन ४-ब्रोमोअॅनिसोल आणि फिनाइलबोरोनिक अॅसिडची सुझुकी केली, म्हणजे पॅलेडियमच्या मदतीने दोन्ही रेणूंची कार्बन-कार्बन जोडणी. एक मिलिमोलचं प्रमाण, दोन मिलिमोल पोटॅशियम कार्बोनेट, चार मिलिलिटर इथेनॉल-पाणी, ८० अंश, सहा तास. यील्ड (मिळालेल्या उत्पादनाची टक्केवारी) पहिल्या तीन फेऱ्यांत ९४, ९३, ८९ आणि चौथ्या फेरीत एकदम ६१. चुंबक लावला की अर्ध्या मिनिटात द्रव नितळ होतो, म्हणजे उत्प्रेरक तर सगळा परत येतोय. नुसत्या मॅग्नेटाइटचं संपृक्त चुंबकन (जोरदार चुंबकाखाली मिळणारं कमाल चुंबकत्व) ६१ इएमयू प्रति ग्रॅम होतं, कवच आणि पॅलेडियम चढल्यावर ३४ झालं आणि चार फेऱ्यांनंतर ४३ आलं. ‘चुंबकत्व उलट सुधारलंय’ असं तुम्ही लिहिलंय. ५० मिलिग्रॅमपैकी शेवटी ४१ हाती आले, बाकीचे धुताना सांडले असतील असा तुमचा अंदाज आहे. आणि गाइड म्हणतात, कण अजून लहान करा, पृष्ठफळ वाढेल. तर ते करू का?

करू नका, निदान आत्ता तरी. कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तुमच्याच व्हीएसएमच्या (चुंबकन मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांत पडलेलं आहे. फक्त ते ‘सुधारलंय’ या शब्दामागे लपलंय.

बघा, सिलिकाला स्वतःचं म्हणावं असं चुंबकत्व नाही. इएमयू प्रति ग्रॅम यातला ग्रॅम हा अख्ख्या पुडीचा ग्रॅम असतो, नुसत्या मॅग्नेटाइटचा नव्हे. म्हणजे ६१ वरून ३४ ही घसरण बिघाडाची नाही, पातळ होण्याची आहे. दुधात पाणी घातलं, स्निग्धांश कमी दिसला, एवढंच. ३४ भागिले ६१ केलं की ०.५६ येतं. सुरुवातीला तुमच्या पुडीत शंभरात ५६ भाग मॅग्नेटाइट आणि ४४ भाग बाकी सगळं होतं, म्हणजे मुख्यतः सिलिका आणि त्यावरचे गट. आता चार फेऱ्यांनंतरचा आकडा घ्या. ४३ भागिले ६१ म्हणजे ०.७०. मॅग्नेटाइट तेवढंच राहिलं असं धरलं, तर ५६ भाग मॅग्नेटाइट हे एकूणाच्या ७० टक्के व्हायला एकूण वजन शंभरावरून ७९-८० वर यायला हवं. म्हणजे ‘बाकी सगळं’ ४४ वरून २३-२४ वर आलं. जवळपास अर्धं कवच गेलं.

या हिशेबाने ५० मिलिग्रॅमचे ४० च्या आसपास उरायला हवेत. तुमच्या हाती ४१ आले. सांडलं वगैरे काही नसावं, तुमचा हात चांगला दिसतोय. गेलं ते विरघळून गेलं.

कुठे विरघळलं? अर्ध्या मोलर पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्याचा पीएच साडेअकरा-बाराच्या घरात असतो. इथेनॉल मिसळल्यावर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण स्वभाव तोच. अस्फटिक सिलिका पीएच नऊपर्यंत बऱ्यापैकी शांत बसते, त्यापुढे तिची विद्राव्यता झपाट्याने चढते. त्यात ८० अंश आणि सहा तास. त्यात पुन्हा स्टोबर पद्धतीने (द्रवातच टीईओएस या सिलिकॉन संयुगापासून) घातलेलं कवच हे भट्टीत भाजलेलं नसतं, आतून सच्छिद्र आणि ओलसर असतं. काच घासायची बेसची बादली आपण लॅबमध्ये ठेवतोच की. ती काच कशी ‘साफ’ करते, हे आठवलं तरी पुरे. तुम्ही कणांना रेनकोट म्हणून सिलिका घातलीत आणि दर फेरीला ती सौम्य बेसच्या बादलीत उकळलीत.

आता कवच गेलं की त्यावरचे अमाइन गट जातात आणि अमाइनवर धरलेलं पॅलेडियम एक तर द्रवात जातं किंवा आधार सुटून एकमेकांना चिकटून मोठं होतं. दोन्हीत यील्ड पडणारच. मग पहिल्या तीन फेऱ्यांत का नाही पडलं, याकडे येतो, पण आधी एक कबुली. हा सगळा हिशेब तीन गृहीतकांवर उभा आहे: दोन्ही वेळा पुडी सारखी कोरडी होती, वापरलेली पुडी पाण्याने नीट धुतलेली होती म्हणजे तिच्यात पोटॅशियमचे क्षार अडकलेले नव्हते, आणि मॅग्नेटाइटचं मॅघेमाइट (त्याचंच आणखी ऑक्सिडीकरण झालेलं रूप) फारसं झालेलं नव्हतं. क्षार अडकले असतील तर चुंबकन कमी दिसतं, म्हणजे खरी झीज मी काढली त्याहून जास्तच असेल. तुम्ही फक्त इथेनॉलने धुवत असाल तर हे नक्की तपासा. पोटॅशियम ब्रोमाइड आणि बोरेट इथेनॉलमध्ये धड विरघळत नाहीत.

मुद्दा असा की लोहचुंबक लोह पकडतो. पॅलेडियम पकडत नाही. द्रव नितळ दिसतो याचा अर्थ मॅग्नेटाइट परत आलं, बस. चुंबकीय उत्प्रेरकांवरचे पेपर वाचताना बाटलीशेजारी चुंबक धरलेला तो फोटो हमखास असतो. डावीकडे काळा द्रव, उजवीकडे स्वच्छ पाणी. देखणा फोटो आहे, पण त्यावरून उत्प्रेरक शाबूत आहे हे कळत नाही.

द्रवात किती पॅलेडियम गेलं तर काम होतं, ते बघू. तुमच्या ५० मिलिग्रॅममध्ये दोन टक्क्यांनी एक मिलिग्रॅम पॅलेडियम आहे, म्हणजे ब्रोमाइडच्या जवळजवळ एक मोल टक्का. त्यातला फक्त एक टक्का सुटला तर चार मिलिलिटरात दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे अडीच पीपीएम. डोळ्याला काही दिसणार नाही. पण तेवढं म्हणजे ब्रोमाइडच्या ०.०१ मोल टक्का, आणि लिगँड (धातूला धरून ठेवणारा रेणू) नसलेलं मोकळं पॅलेडियम या प्रमाणात सुझुकी आणि तिच्यासारखीच हेक अभिक्रिया चालवतं हे चांगलं माहीत असलेलं आहे. या क्षेत्रात त्याला गमतीने ‘होमिओपॅथिक’ पॅलेडियम म्हणतात. लेडबीटर यांच्या गटाची गोष्ट तर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगावी अशी आहे. २००३ मध्ये त्यांनी धातूशिवाय सुझुकी होते असं प्रसिद्ध केलं. पुढे त्यांनीच खोलात जाऊन तपासलं आणि २००५ मध्ये स्वतःच लिहिलं की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबीच्या आसपास पॅलेडियम होतं आणि काम त्यानेच केलं. पीपीबी, पीपीएम नव्हे. आपलं म्हणणं आपणच खोडायला जो प्रामाणिकपणा लागतो, त्याचं मला रसायनापेक्षा जास्त कौतुक वाटतं.

पॅलेडियम सुटतं ते अपघाताने नाही. कणाच्या पृष्ठावरच्या शून्य अवस्थेतल्या अणूला अॅराइल हॅलाइड (तुमच्याकडे ४-ब्रोमोअॅनिसोल) भिडलं की ऑक्सिडेटिव्ह अॅडिशन होतं, म्हणजे पॅलेडियम कार्बन-हॅलोजन बंधात शिरतं, आणि तयार झालेलं पॅलेडियम-दोनचं संयुग द्रवात सुटू शकतं. तिथे ते चक्र फिरवतं आणि हॅलाइड संपत आलं, थंड झालं की परत कुठल्या तरी पृष्ठावर बसतं. म्हणून थंड झाल्यावर गाळून आयसीपीला (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्राला) पाठवलेला द्रव बऱ्याचदा स्वच्छ निघतो. चोर रात्री फिरून सकाळी घरी येऊन झोपलेला असतो. आयोडाइडला हे सर्वांत जास्त, ब्रोमाइडला मध्यम, क्लोराइड तसं सहजासहजी भिडतच नाही.

मी स्वतः यात तोंडावर पडलोय. पीएच.डी.च्या काळात माझाही असाच उत्प्रेरक होता, फक्त अमाइनऐवजी थायॉल. पाच फेऱ्या, पाचही ९५ च्या वर. पोस्टर छापून झालं होतं. सहाव्या फेरीच्या आधी माझ्या सीनियरने सहज विचारलं, ‘अरे, तुझी रिअॅक्शन संपते किती वेळात?’ मला माहीतच नव्हतं. आठ तास लावायचो कारण पेपरात आठ तास लिहिलं होतं. त्या दिवशी दर दहा मिनिटांनी नमुना काढला. ताज्या उत्प्रेरकाने अर्ध्या तासात ९५ गाठले. वापरलेल्याने तेवढ्याच वेळात ३० सुद्धा नाही, पण आठ तासांत तोही ९५ ला पोचायचा. म्हणजे माझा उत्प्रेरक दुसऱ्या फेरीपासूनच मरत होता आणि मी तो मेलाय हे कळायला सहावी फेरी वाट बघत होतो. पोस्टर गुंडाळून कपाटावर टाकलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढे दोन वर्षं आमच्या लॅबचं फ्रीज साफ करायचं वेळापत्रक होतं.

तुमच्या ९४, ९३, ८९, ६१ मागे हेच असणार, असा माझा कयास आहे. उत्प्रेरकाची ताकद बहुधा पहिल्या फेरीपासून एकसारखी घटतेय, पण सहा तास इतके सैल आहेत की तीन फेऱ्यांपर्यंत घट झाकली गेली. चौथीत चादर आखूड पडली आणि पाय बाहेर आले. म्हणून अंतिम यील्डची तुलना सोडा, वेगाची तुलना करा. पहिल्या आणि चौथ्या फेरीत ५, १०, २०, ४० मिनिटांना पन्नासेक मायक्रोलिटर काढा, डोडेकेन किंवा टेट्राडेकेन आतला मानक म्हणून सुरुवातीलाच घातलेला असू द्या आणि जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) बघा. पहिल्या फेरीत दहा मिनिटांतच सगळं संपत असेल तर उत्प्रेरक दहापट कमी घ्या. रूपांतर ३०-४० टक्क्यांच्या खाली असतानाच दोन उत्प्रेरकांचा खरा फरक कळतो. याचा दुसरा फायदा असा की अभिक्रिया समजा चाळीस मिनिटांत संपत असेल, तर पुढचे पाच तास वीस मिनिटं तुम्ही फक्त सिलिका शिजवताय. वेळ कापला की कवचाचं आयुष्यही वाढेल, एक पैसा खर्च न करता.

त्यानंतर गरम गाळणी. ही चाचणी चुंबकीय उत्प्रेरकवाले नेमकी चुकीची करतात. रूपांतर तिशीला आलं की चुंबक लावतात, वरचा द्रव दुसऱ्या फ्लास्कमध्ये ओततात, तो पुढे तापवतात, यील्ड वाढलं नाही की लिहितात ‘लीचिंग नाही’, म्हणजे पॅलेडियम द्रवात सुटत नाही. यात दोन भोकं आहेत. एक, चुंबक लावून थांबलेल्या त्या मिनिटात द्रव थंड होतो आणि सुटलेलं पॅलेडियम परत बसायला लागतं. दुसरं, हाताच्या चुंबकाला सगळ्यांत बारीक कण सापडत नाहीत, म्हणजे ओतलेल्या द्रवात उत्प्रेरकच असतो आणि यील्ड वाढलं तर दोष कोणाचा ते कळत नाही. म्हणून सिरिंज आणि ०.२ मायक्रॉनचा हायड्रोफिलिक पीटीएफई फिल्टर आधीच ओव्हनमध्ये गरम करून ठेवा. ८० अंशाला असलेल्या दुसऱ्या फ्लास्कमध्ये थोडं ताजं कार्बोनेट टाकून ठेवा, कारण न विरघळलेला बेस गाळणीत अडकून राहिला तर अभिक्रिया बेसअभावी थांबेल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. गाळलेल्या द्रवात रूपांतर पुढे सरकलं तर विद्राव्य पॅलेडियम आहे, हे पक्कं. सरकलं नाही तर मात्र उलटं पक्कं होत नाही, कारण सुटलेलं पॅलेडियम फिल्टरवरही बसू शकतं. ही चाचणी दोषी धरू शकते, निर्दोष सोडू शकत नाही. पाऱ्याच्या थेंबाची चाचणी (पारा धातूच्या कणांना निकामी करतो या समजावर बेतलेली) काही परीक्षक अजून मागतात. तिचे निकाल दोन्ही बाजूंनी वाकवता येतात आणि वरून पारा हाताळायचा. मी तरी थायॉल गट लावलेली सिलिका टाकून बघतो. ती विरघळलेलं पॅलेडियम शोषते, घन कणांच्या वाटेला जात नाही, आणि अभिक्रिया थांबली तर अर्थ सरळ लागतो.

आणखी एक संशयित तुमच्या फ्लास्कमध्येच फिरतोय, तो म्हणजे मॅग्नेटिक बीड, ढवळण्यासाठी टाकलेली टेफ्लॉनमध्ये मढवलेली चुंबकाची कांडी. चुंबकीय उत्प्रेरक चुंबकानेच ढवळायचा यात गंमत आहेच. अर्धा माल बीडच्या अंगाला चिकटून बसतो आणि ‘समान ढवळण’ नावाची गोष्ट उरत नाही. ओव्हरहेड स्टरर मिळाला तर उत्तम, नाहीतर छोट्या कुपीत शेकर-इन्क्युबेटर चालेल. पण त्याहून वाईट म्हणजे जुन्या बीडचं टेफ्लॉन. त्याच्या सूक्ष्म चिरांत आधीच्या कुणाच्या तरी अभिक्रियेतलं पॅलेडियम मुरलेलं असतं. मॉस्कोतल्या अनानिकोव यांच्या गटाने २०१९ मध्ये यावर स्वतंत्र काम छापलं, वापरलेले बीड सूक्ष्मदर्शकाखाली बघून. तुमच्या लॅबमधला एखादा राखाडी पडलेला बीड उजेडात धरून बघा, मग पटेल. उत्प्रेरक न घालता, त्याच जुन्या बीडने, त्याच कार्बोनेटने एक कोरी फेरी चालवा. आणि एक नुसत्या मॅग्नेटाइटची. मॅग्नेटाइट म्हणजे निर्विकार टेकू असं सगळे धरून चालतात. अमोनिया बनवणाऱ्या हाबर-बॉश पद्धतीत बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीतल्या मिटाश यांच्या हाती जो चांगला उत्प्रेरक लागला, त्याचं मूळ स्वीडनमधल्या गेलिवारा खाणीचं मॅग्नेटाइटच होतं, आणि आजही तो उत्प्रेरक बहुधा वितळवून घट्ट केलेलं मॅग्नेटाइट म्हणूनच भरतात आणि आत त्याचं लोखंड होतं. २००७ मध्ये तर हेच नॅनोकण पेरॉक्सिडेज एन्झाइमसारखं वागतात हे दिसलं. तेव्हा ‘टेकू’ काय करतोय ते एकदा विचारून घ्यावं. सुझुकीत तो फार काही करेल असं मला वाटत नाही, पण ती रिकामी चौकट परीक्षक नक्की विचारतील.

आता गाइडचा मुद्दा. लहान कणांचं पृष्ठफळ जास्त, हे खरंच आहे. पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार होईल. दहा नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटचं पृष्ठफळ हिशेबाने ११५ चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या आसपास येतं. दोन टक्के पॅलेडियम बसवायला त्याचा बारीकसा तुकडाही पुरतो, आणि तसंही पॅलेडियम सिलिकावर बसतं, मॅग्नेटाइटवर नाही. उलट तोटा मोठा. चुंबकाची ओढ कणाच्या घनफळावर अवलंबून असते, द्रवाचा विरोध त्रिज्येवर. दहाचा कण पाचचा केलात तर ओढ आठ पटींनी घटते आणि चुंबकाकडे सरकायचा वेग चौपट कमी होतो. शिवाय पृष्ठाजवळचे स्पिन वाकडेतिकडे असल्याने लहान कणाचं चुंबकनही पडतं. मोठ्या अखंड मॅग्नेटाइटचे ९२ इएमयू, तुमचे ६१, पाच नॅनोमीटरला त्याहूनही कमी. खरं सांगायचं तर सुटा एकटा दहा नॅनोमीटरचा कणसुद्धा हातातल्या निओडिमियम चुंबकाला अर्ध्या मिनिटात येत नाही. येतात ते गुच्छ. तुमचा द्रव झटकन नितळ होतो कारण एकेका सिलिकाच्या गोळ्यात डझनावारी कण कोंबलेले आहेत.

मोठे करावेत का मग? एका मर्यादेपर्यंतच. मॅग्नेटाइटचा सुटा कण पंचवीसेक नॅनोमीटरच्या खाली असेल तर खोलीच्या तापमानाला त्याचं चुंबकन उष्णतेच्या धक्क्यांनी सतत उलटत राहतं. चुंबक धरला की सगळे रांगेत, काढला की पांगले. यालाच सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात आणि उत्प्रेरकासाठी ते वरदान आहे, कारण दुसऱ्या फेरीला कण परत द्रवात पसरायला हवेत. त्यापेक्षा मोठा सुटा कण स्वतःच छोटा कायमचा चुंबक होतो. कोबाल्ट फेराइटची ही मर्यादा तर दहा नॅनोमीटरच्या आसपासच संपते. मी एकदा सिट्रिक अॅसिडच्या ऑटोकंबशनने कोबाल्ट फेराइट बनवलं होतं, ते बीडवर मधमाश्यांच्या मोहोळासारखं लटकलं आणि शेवटी चाकूने खरवडावं लागलं. दोन्ही साधायचं असेल तर सॉल्व्होथर्मल पद्धत आहे. फेरिक क्लोराइड, इथिलिन ग्लायकॉल, सोडियम अॅसिटेट, टेफ्लॉनच्या आतल्या भांड्याचा ऑटोक्लेव्ह, २०० अंश, आठ तासांपासून पुढे. शेदोनशे नॅनोमीटरचे गोळे मिळतात, प्रत्येक गोळा बारीक स्फटिकांचा लाडू. त्यात सोडियम सायट्रेट घातलं तर स्फटिक लहान राहतात. लाडू म्हणून ओढ भरपूर, स्फटिक म्हणून स्मरणशक्ती शून्य.

पण तुमचं कोप्रेसिपिटेशन सोडायचं काही कारण मला दिसत नाही. मासार यांनी १९८१ मध्ये दाखवलेली ही पद्धत साधी आहे म्हणून लोक तिला गृहीत धरतात आणि तिथेच घोळ होतो. १० मिलिमोलच्या बॅचला ५.४१ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट आणि १.९९ ग्रॅम फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट, जास्तीत जास्त २.३ ग्रॅम माल. घोळ असतो तो फेरसच्या बाटलीत. झाकणाच्या आत पिवळट-तपकिरी पापुद्रा दिसला की ती बाटली बाजूला ठेवा. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट वापरत असाल तर खडे निळसर-हिरवे हवेत, गंजके नकोत. पाण्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडायचा, मग क्षार घालायचे, मग अमोनिया. अमोनिया पडल्याक्षणी द्रव काळा व्हायला हवा, शाईसारखा. आधी तपकिरी होऊन मग हळूहळू काळवंडला तर फेरस कमी पडलंय. आणि सिलिका चढवायच्या आधी पुडी वाळवू नका. एकदा ओव्हनमध्ये वाळली की ती पुन्हा कधीच नीट सुटी होत नाही, मग टीईओएसचं कवच कणावर न बसता ढेकळावर बसतं. धुऊन इथेनॉलमध्ये ओलीच ठेवा, त्यातला एक मिलिलिटर वाळवून वजन करा, म्हणजे किती आहे ते कळतं. वाळवायचंच तर व्हॅक्युममध्ये ६० अंशांपर्यंत. हवेत रात्रभर शंभरला ठेवलेलं काळं सकाळी चॉकलेटी निघतं, ते मॅघेमाइट झालेलं असतं.

याच्यावरून एक सावधगिरी. ‘एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तनावरून) मॅग्नेटाइट सिद्ध झालं’ असं प्रबंधात लिहू नका. ३०.१, ३५.५, ४३.१, ५७.०, ६२.६ ही शिखरं मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट दोघांचीही जवळजवळ तीच, आणि तुमच्या रुंद शिखरांत तो फरक बुडून जातो. ३३.२ ला काही उगवलं असेल तर मात्र हेमाटाइट आहे आणि ते गंभीर. मॅग्नेटाइट की मॅघेमाइट हे मॉसबाउअरने (लोहाची अवस्था ओळखणाऱ्या गॅमा-किरण वर्णपटाने) ठरवावं. रामनने बघणार असाल तर लेझरची शक्ती अगदी कमी ठेवा, नाहीतर मोजतामोजताच नमुना भाजून मॅघेमाइट, हेमाटाइट होतो. तुमच्या कामाला हा फरक फारसा लागत नाही, दोन्ही चुंबकाला येतात. ‘लोहाचा स्पिनेल ऑक्साइड’ असं मोघम पण खरं लिहिलेलं चांगलं.

मग पुढे काय करायचं? हे तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. सुझुकीच करायची असेल आणि पाणी-कार्बोनेट सोडायचं नसेल, तर सिलिका हे चुकीचं कवच आहे. ग्लुकोजच्या द्रावणात कण टाकून ऑटोक्लेव्हमध्ये १८० अंशाला कार्बनचं कवच चढवता येतं, ते बेसला बधत नाही. त्यावर पॅलेडियम किती घट्ट बसेल हे मात्र करून बघावं लागेल, तिथे अमाइनसारखी सोय नाही. सिलिकाच ठेवायची असेल तर वेळ कापा, पाणी कमी करा, सौम्य बेस बघा, किंवा मूळ अभिक्रियाच अशी निवडा जिथे बेस लागत नाही. नायट्रो गटाचं हायड्रोजनेशन या साच्याला सुझुकीपेक्षा कितीतरी सोयीचं. आणि एक आगाऊ प्रश्न, राग मानू नका: तुम्हाला चुंबक हवाच आहे का? उत्पादन द्रवात विरघळलेलं असेल तर बाजारातलं पॅलेडियम-कार्बन सेलाइटवर गाळून काम भागतं. चुंबकाची खरी किंमत जिथे गाळणी चोंदते तिथे आहे. दाट रस, उत्पादन स्वतःच घन, तेलातला गाळ, सांडपाणी. तुमच्या मार्गदर्शकांनी विषय ठरवलाय हे मला समजतं, पण प्रस्तावनेत ‘हरित’ हा शब्द लिहिण्याआधी एपीटीईएसच्या पायरीला किती टोल्युइन उकळलं ते मोजून बघा.

सगळ्यांत आधी मात्र एक काम. चार फेऱ्यांच्या वर्कअपचे पाण्याचे थर अजून ओतून दिले नसतील तर देऊ नका. प्रत्येकातून थोडा घेऊन प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेत नाही, आणि आयसीपीवर पॅलेडियम, लोह आणि सिलिकॉन तिन्ही मागा. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी बाहेरचे नमुने घेतात. सोबत एक कोरा नमुना हवाच: तोच फ्लास्क, तेच कार्बोनेट, तेच सहा तास, उत्प्रेरक नाही. कारण गरम कार्बोनेट तुमच्या बोरोसिलिकेट फ्लास्कमधूनही सिलिकॉन काढतं, ते वजा केल्याशिवाय कवचाचा आकडा खरा नाही. पॅलेडियमपुढे ‘आढळलं नाही’ असं आलं तर खालची मर्यादा किती आणि नमुना किती पट पातळ केला, हे फोन करून विचारा. अडीच पीपीएम दहा पट पातळ झालं की पाव पीपीएमच उरतं. आणि वापरलेली पुडी अॅक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून तिच्यातलंही पॅलेडियम मोजून घ्या. अमाइन गेलं आणि धातू उरला, की दोन्ही गेले, हे तिथे कळेल, आणि त्यावरच कवच बदलायचं की पॅलेडियम धरायची पद्धत, हे ठरेल.